दुसरा हेडफोन घेताना

हेडफोन सहसा एकाएकी बंद पडत नाही. आधी तो कुरकुरतो. तारेला एक विशिष्ट वळण दिले म्हणजे बोलतो, ते वळण सुटले म्हणजे मुका होतो. मग त्याचा धनी ती तार बोटाभोवती गुंडाळून, बोट तसेच अधांतरी धरून, व्याख्यान असेल तर व्याख्यान आणि गाणे असेल तर गाणे कसेबसे पुरे करतो. असे आठ-पंधरा दिवस निघतात. अखेरीस एका कानाची वाचा कायमची जाते आणि घरखर्चाच्या यादीत एका नव्या बाबीची भर पडते.

वरवर पाहता ही बाब क्षुल्लक आहे. परंतु ज्या घरात दोन खोल्यांत पाच माणसे राहतात, स्वयंपाकघरात कुकरची शिटी होत असते आणि बाहेरच्या खोलीत दूरचित्रवाणी संच चालू असतो, त्या घरातील परीक्षेला बसलेल्या मुलाच्या दृष्टीने हेडफोन म्हणजे भिंतींवाचून मिळालेली अभ्यासाची खोलीच होय. दृष्टिहीन विद्यार्थ्यास तर संगणकावरील मजकूर वाचून दाखविणारा आवाज त्यातूनच ऐकावयाचा असतो. त्याचा हेडफोन बिघडला म्हणजे त्याचे पुस्तक मिटले. अशा माणसापाशी या कामी खर्चावयास हजार, फार तर दोन हजार रुपये असतात, आणि तेवढ्या किमतीचे शेकडो नमुने बाजारात मांडलेले असतात. निवड चुकली तर वर्षाच्या आत तोच खर्च पुन्हा अंगावर येतो, आणि त्याहून वाईट गोष्ट ही की, अयोग्य हेडफोन कानांवरही आघात करतो. बिघडलेल्या हेडफोनच्या जागी दुसरा आणता येतो. आतल्या कानातील ध्वनिग्राही पेशी एकदा नष्ट झाल्या म्हणजे माणसाच्या बाबतीत त्या पुन्हा उत्पन्न होत नाहीत.

बाजाराची वाट धरण्यापूर्वी जुन्या हेडफोनची नाडीपरीक्षा करणे अगत्याचे आहे. पहिली गोष्ट म्हणजे तो दुसऱ्या एखाद्या फोनला किंवा संगणकाला लावून पाहावा. दोष हेडफोनमध्ये नसून फोनमध्येच असल्याचे पुष्कळदा आढळते. त्यानंतर प्लगकडे लक्ष द्यावे. त्यावर काळ्या अथवा पांढऱ्या कड्यांनी एकमेकांपासून अलग केलेले धातूचे भाग दिसतात. टोकाचा भाग डाव्या कानाचा, त्यामागचा उजव्या कानाचा, आणि त्यानंतरचा भाग म्हणजे दोन्ही कानांचा सामाईक परतीचा मार्ग. बोलण्याची सोय असलेल्या हेडफोनच्या प्लगवर मायक्रोफोनसाठी आणखी एक, चौथा भाग असतो. डाव्या वा उजव्या बाजूच्या तारेतील तांब्याचे तंतू तुटले की त्या बाजूचा कान मुका होतो, हे उघड आहे. सामाईक तार तुटली तर मात्र चमत्कारिक प्रकार घडतो. आवाज दोन्ही कानांत येतो, पण गाणारा नाहीसा होतो! मागची वाद्ये, टाळ्या, सभागृहाचा घुमारा हे सारे ऐकू येते आणि मुख्य गळा मात्र विहिरीच्या तळाशी गेल्यासारखा भासतो. याचे कारण असे की, मुख्य गायकाचा आवाज ध्वनिमुद्रणात बहुधा दोन्ही बाजूंना सारखाच ठेवलेला असतो. परतीचा मार्ग खुंटला म्हणजे दोन बाजूंमधील फरक तेवढा कानी पडतो, आणि जे दोहोंकडे सारखे आहे ते परस्परांना खाऊन टाकते. जुन्या, एकाच मायक्रोफोनवर घेतलेल्या मुद्रणांत तर जवळजवळ काहीच उरत नाही.

गंमत अशी की, प्लग फोनच्या छिद्रात पुरता बसला नाही तरीही नेमके हेच होते. आणि तो पुरता न बसण्याचे कारण पुष्कळदा खिशातील सुताची, महिनोन्महिने दाबून दाबून तळाशी बसलेली गुठळी हे असते. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने ती अलगद उकरून काढली की मेला म्हणून ठरविलेला हेडफोन उठून बसतो. हा उपाय करून न पाहता नवा हेडफोन आणणाऱ्यांची संख्या थोडी नसावी.

तार प्लगपाशी तुटली असल्यास नवा प्लग काही दहा रुपयांत मिळतो. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची बुधवार पेठ, दिल्लीचे लाजपतराय मार्केट, कोलकात्याचे चांदनी मार्केट, चेन्नईची रिची स्ट्रीट, बंगळूरचा एस. पी. रोड अशा ठिकाणी सुटे भागही मिळतात आणि डाख देणारे कारागीरही. मराठी माणूस नोकरीनिमित्त देशात कोठेही असो, त्याच्या शहरात अशी एखादी गल्ली बहुधा असतेच. घरी डाख देऊ पाहणाऱ्याने एक गोष्ट ध्यानी ठेवावी. या बारीक तंतूंवर लाखेसारखा पातळ लेप असतो. तो आधी जाळून काढला नाही तर जोड वरून चकाकतो, पण त्यातून विद्युत्प्रवाह जात नाही.

दुसरा नेहमीचा आजार गाद्यांचा. कानाभोवती बसणाऱ्या गाद्यांवर जे कातड्यासारखे आवरण असते ते बहुधा पॉलियुरेथेनचे, म्हणजे कृत्रिम, असते. आणि हवेतील बाष्पाने त्याचे विघटन होते. कोकण, मुंबई, कोलकाता अशा दमट हवेत ते दोन-तीन वर्षांत पापुद्र्यांनी सुटू लागते व कानाच्या पाळीला काळे कण चिकटतात. हा केवळ स्वच्छतेचा प्रश्न नव्हे. गादी कानाभोवती घट्ट बसली तरच खर्जातील स्वर कानाच्या पोकळीत टिकतात. तिला फट पडली की ते निसटतात. त्यामुळे ‘आवाज पूर्वीसारखा भरदार राहिला नाही’ अशी तक्रार करणाऱ्या ग्राहकाचा हेडफोन म्हातारा झालेला नसतो, त्याची गादी फाटलेली असते. त्या मापाची नवी जोडी मिळाली तर काही शेकड्यांत काम भागते.

एवढे सारे करूनही उपयोग झाला नाही, आतला पडदाच गेला, किंवा डोक्यावरचा पट्टा सांध्यात मोडला, तर मग दुसरा हेडफोन घेणे आलेच. तो घेताना मागचा कशाने गेला हे विसरता कामा नये, कारण त्याच माणसाच्या हाती, त्याच दप्तरात आणि त्याच लोकलच्या गर्दीत नव्यालाही दिवस काढावयाचे असतात. तारेने दगा दिला असेल तर सुटी करता येणारी तार असलेला नमुना पाहावा. पट्टा मोडला असेल तर ज्याच्या सांध्यात केवळ प्लॅस्टिक नसून धातूही आहे असा पाहावा. सेनहायझर कंपनीचा १९८८ साली निघालेला एच. डी. २५ हा हेडफोन आजही व्यवसायात टिकून आहे, याचे एक मोठे कारण त्याचा बहुतेक प्रत्येक भाग स्वतंत्रपणे विकत मिळतो व घरच्या घरी बदलता येतो हे होय. ऑडिओ-टेक्निका कंपनीने आपल्या एम ५० या लोकप्रिय नमुन्याची २०१४ साली सुधारून काढलेली आवृत्ती सुट्या तारेची केली. हे दोन्ही नमुने बेताच्या अंदाजपत्रकात बसणारे नव्हेत. परंतु त्यांतील तत्त्व आता स्वस्त मालातही उतरले आहे. दोन बारीक खिळ्यांनी अडकणाऱ्या सुट्या तारेचे, कानाच्या आत बसणारे इअरफोन हजार-दीड हजार रुपयांत मिळू लागले आहेत. तेवढ्याच किमतीच्या दोन वस्तूंपैकी जिची तार बदलता येते ती घ्यावी, हा नियम डोळे मिटून पाळण्यास हरकत नाही.

आता कानांचा प्रश्न. हेडफोन कोणत्या जागी वापरावयाचा यावर त्याचा आकार ठरला पाहिजे, आणि येथेच खरेदीतील सर्वांत महाग चूक होते. हेडफोनचे ढोबळ मानाने तीन प्रकार: कानाच्या नळीत बसणारा, पाळीवर टेकणारा आणि सबंध कान झाकणारा. झाकणाऱ्यांतही पाठ बंद असलेले व पाठ उघडी असलेले असे दोन भेद आहेत. उघड्या पाठीच्या हेडफोनमधून गाणे मोकळे, समोर बसून ऐकल्यासारखे वाटते. पण बाहेरचा गलका जसाच्या तसा आत येतो आणि आतले गाणे शेजाऱ्यास ऐकू जाते. एकट्याची शांत खोली असणाऱ्यानेच त्याच्या वाटेस जावे. ज्याच्या डोक्यावर पंखा फिरतो आहे आणि खिडकीखाली रिक्षा थांबतात, तो बाहेरच्या आवाजावर मात करण्यासाठी नकळत हेडफोनचा आवाज वाढवितो, आणि तो वाढवीतच जातो.

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सुचविलेली मर्यादा आठवड्यास ४० तास, ८० डेसिबल अशी आहे. मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. डेसिबलचे गणित साध्या बेरजेचे नाही. दर ३ डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून ऐकण्याचा सुरक्षित काळ निम्म्यावर येतो. ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. आणि ९० डेसिबलला पुरत्या आठवड्याचे जेमतेम ४ तास. दररोज पाच-सहा तास ध्वनिमुद्रित व्याख्याने ऐकणाऱ्या विद्यार्थ्याने हा हिशेब आपल्या वेळापत्रकाशी ताडून पाहावा. म्हणजे त्याच्या ध्यानी येईल की, बाहेरचा गोंगाट अडविणारी घट्ट गादी किंवा नळीत नेमके बसणारे रबरी बोंडूक ही त्याच्या दृष्टीने चैन नसून कानांचे चिलखत आहे. बाहेरचे आवाज जितके अडतील तितका आतला आवाज कमी ठेवता येतो. फोनची ध्वनिपट्टी ६० टक्क्यांच्या वर नेऊ नये, असेही हीच संघटना सांगते. हेच चिलखत रस्ता किंवा रेल्वेचे रूळ ओलांडताना मात्र घातक ठरते. तेथे हेडफोन गळ्यात असावा.

याच संदर्भात खोक्यांवरील एका अक्षरसमूहाचा उलगडा करणे जरूर आहे. ‘ए. एन. सी.’ म्हणजे बाहेरचा आवाज मायक्रोफोनने टिपून, त्याच्या उलट लहर निर्माण करून तो पुसून टाकण्याची योजना. पंखा, आगगाडी, विमान यांच्या सलग घरघरीवर ती चांगली चालते, माणसांच्या बोलण्यावर तितकीशी नाही. ‘ई. एन. सी.’ ही अगदी वेगळी वस्तू आहे. ती बोलणाऱ्याचा आवाज स्वच्छ करून पलीकडच्या माणसास पोचविते. हेडफोन घालणाऱ्याच्या कानातील गोंगाट तिने तसूभरही कमी होत नाही. एका अक्षराच्या फरकाने लाभ भलत्याच माणसास मिळतो, आणि पैसे देणारा ‘गोंगाट काही थांबत नाही’ म्हणून नवलाने खोके उलटसुलट करीत बसतो.

खोक्यावरील इतर आकड्यांचीही मातब्बरी थोडीच. ‘२० ते २०,००० आवर्तने’ असे जवळजवळ प्रत्येकावर लिहिलेले असते. मनुष्याच्या श्रवणशक्तीची ढोबळ मर्यादाच तेवढी आहे, आणि त्या टप्प्यात कोणता स्वर किती चढतो वा किती पडतो हे सांगितल्यावाचून त्या आकड्यास अर्थ नाही. शिवाय ऐकावयाचे काय, हाही विचार असतो. मध्यम लहरींवरील प्रक्षेपणात सुमारे साडेचार-पाच हजार आवर्तनांपलीकडचे स्वर मुळातच नसतात, एफ. एम. प्रक्षेपणात ही मर्यादा १५,००० पर्यंत जाते. ज्यास बातम्या, भाषणे व व्याख्याने ऐकावयाची आहेत, त्यास ४०,००० आवर्तनांची जाहिरात करणारा हेडफोन काडीचाही अधिक उपयोगी पडत नाही. पडद्याच्या व्यासाचीही तीच कथा. ४० मिलिमीटरांहून ५० मिलिमीटरांचा पडदा चांगलाच असतो असे नाही. तो कशाचा आहे आणि कसा बसविला आहे यावर सारे अवलंबून असते, आणि ते खोक्यावर लिहिलेले नसते.

एका आकड्याकडे मात्र पाहिले पाहिजे. तो म्हणजे ओहममध्ये दिलेला विद्युत्‌विरोध. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले त्या काळात स्फटिक-संच नावाचे साधे ग्राहकयंत्र प्रचारात होते. त्यास वीजही लागत नसे आणि घटही लागत नसे. हवेतून येणाऱ्या लहरींची तुटपुंजी शक्ती हेच त्याचे सारे भांडवल. एवढ्याशा प्रवाहात पडदा हलावा म्हणून त्या संचाच्या हेडफोनमध्ये केसासारख्या तारेचे हजारो वेढे असत, आणि त्यांचा विरोध दोन-दोन हजार ओहम असे. आजच्या फोनची अडचण नेमकी उलट आहे. त्याला थोड्या दाबावर काम करावयाचे असते, म्हणून त्यास १६ ते ३२ ओहमांचा हेडफोन मानवतो. ध्वनिमुद्रणगृहांसाठी केलेला २५० ओहमांचा एखादा नामांकित हेडफोन कोणी स्वस्तात देऊ केला तर मोहात पडू नये. वेगळ्या ध्वनिवर्धकावाचून तो फोनवर कुजबुजण्यापलीकडे जात नाही.

तारेचा घ्यावा की बिनतारी, याविषयी घराघरांत मतभेद असतात. बेताच्या पैशांत तारेच्या हेडफोनचा सारा खर्च पडदा, गादी आणि पट्टा यांवर होतो. बिनतारी हेडफोनमध्ये त्याच पैशांतून रेडिओ-संच, विद्युत्‌घट, तो भरण्याची डबी आणि हे सारे सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा एवढ्यांची सोय लावावी लागते, आणि उरलेल्यात आवाज! त्यातही तो लिथियमचा घट काहीशे वेळा भरून झाला म्हणजे क्षीण होऊ लागतो. कानात बसणाऱ्या लहानशा बोंडकांत तो बदलण्याची सोय सहसा नसते. म्हणजे वस्तूचे आयुष्य विकत घेतानाच ठरून गेलेले असते. खोक्यावर लिहिलेले ‘४० तास’ हे पुष्कळदा डबीतील साठ्यासह मोजलेले असतात, हेही पाहून घ्यावे. दृष्टिहीन वापरकर्त्यांस आणखी एक अडचण जाणवते. बिनतारी मार्गाने आवाज क्षणभर उशिरा पोचतो, आणि मध्ये शांतता गेली असेल तर पहिले अक्षर गिळले जाते. कळ दाबताच अक्षर ऐकू यावे अशी ज्याची गरज आहे त्यास हा विलंब फार जाचतो. त्याने तारेचाच घ्यावा.

तरीही बिनतारीचा पक्ष अगदीच लंगडा नाही. पोळ्या लाटताना, सायकल दुरुस्त करताना, कपडे वाळत घालताना तार अडते, ओढली जाते आणि त्या ओढीनेच तुटते. ज्याचे ऐकणे बहुतांशी काम करता करता होते त्याने बिनतारी घेतल्यास त्यास उधळ्या म्हणू नये. मात्र अशा हेडफोनवर भारतीय मानक ब्युरोचे नोंदणीचिन्ह आहे ना, हे पाहावे. अ‍ॅपल कंपनीने २०१६ साली आयफोन ७ मधून गोल प्लगचे छिद्र काढून टाकले, आणि पुढे इतर अनेक उत्पादकांनी तोच मार्ग धरला. असा फोन असणाऱ्याने तारेचा हेडफोन टाकून देण्याचे कारण नाही. टाइप-सी जोडणारा एक छोटा दुवा पुरतो. परंतु हे दुवे दोन जातींचे असतात. एक केवळ तारा जोडतो, आणि तो काही मोजक्याच फोनांवर चालतो. दुसऱ्याच्या पोटात अंकांचे ध्वनीत रूपांतर करणारी चकती असते, आणि तो बहुतेक सर्वत्र चालतो. दुकानदारास हा फरक विचारून दुसऱ्या जातीचाच घ्यावा.

एवढे झाल्यावर उरते ती प्रत्यक्ष परीक्षा. दुकानदार जे गाणे लावतो ते त्याच्या मालास शोभणारे असते. तेव्हा आपल्या फोनमध्ये तीन परिचित मुद्रणे घेऊन जावीत. एक तानपुऱ्याचे. जवारी नीट लागलेल्या तानपुऱ्यातून सुटणारी सूक्ष्म स्वरांची झिरमिर वेगळी ऐकू आली, नुसती गुणगुण झाली नाही, तर वरच्या स्वरांबाबत हेडफोन उजवा समजावा. दुसरे तबल्याचे. स्वस्त हेडफोनांत खर्ज मुद्दाम फुगविलेला असतो. पहिल्या मिनिटास तो भारदस्त वाटतो, पण त्यात डग्ग्याचा घुमारा गायकाच्या अंगावर चालून येतो आणि डग्ग्यावरील मिंडीचा चढउतार एकाच धप्प अशा आवाजात बुडतो. तिसरे मुद्रण साध्या बोलण्याचे, शक्य तर परिचित वृत्तनिवेदकाचे. त्यातील ‘श’ आणि ‘स’ कानास टोचू लागले तर तो हेडफोन तासभर सहन होणार नाही. दोन नमुन्यांची तुलना करताना आवाज सारखा ठेवण्याची खबरदारी घ्यावी, कारण किंचित मोठा वाजणारा नेहमीच अधिक चांगला भासतो, आणि चतुर विक्रेत्यास हे ठाऊक असते.

चष्मा वापरणाऱ्याने चष्म्यासह किमान दहा मिनिटे हेडफोन डोक्यावर ठेवावा. काडीमुळे गादीखाली फट राहते काय आणि कानशिलावर दाब येतो काय, हे त्याशिवाय कळत नाही. नळीत बसणाऱ्या इअरफोनसोबत तीन मापांची बोंडके मिळतात. दोन्ही कानांना एकच माप बसेल असे गृहीत धरू नये, कारण पुष्कळांचे दोन कान सारखे नसतात.

ज्याच्या गावी असे दुकान नाही त्याला टपालाने माल मागवावा लागतो, आणि तेथे माल परत घेण्याची मुदत हाच त्याचा आधार. ती मुदत खोके फोडण्याआधी वाचावी, आणि वरील परीक्षा पहिल्या दोन दिवसांतच उरकावी. डावा-उजवा बरोबर आहे ना, मायक्रोफोन चालतो ना, तार हलविली असता खरखर होत नाही ना, हे त्याच बैठकीत पाहून घ्यावे. छापील पावतीवरील शाई वर्षाच्या आत उडून जाते, म्हणून तिचे छायाचित्र घेऊन ठेवावे. जुन्या हेडफोनच्या गाद्या, तार आणि प्लग शाबूत असतील तर ते एका डबीत घालून ठेवावेत; नव्यास ते लागू पडतात की काय, हे त्याच दिवशी लावून पाहण्यास पाच मिनिटे पुरतात.